दक्षिण स्पेनच्या डोंगरात रोड बाईकवर सहा दिवस, मार्ग कसा ठेवू?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार मंडळी. खूप वर्षं नुसतीच वाचक होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी कॉलेजची एक मैत्रीण असे तिघं स्पेनला चाललोय. माद्रिद-बार्सिलोना करायचं नाहीये, मालागाला उतरून सरळ मागचा डोंगर गाठायचा आणि सहा दिवस फक्त सायकल. अंदालुसियातली ती पांढरी गावं, चुन्याची घरं, लाल कौलं, वर किल्ला आणि खाली ऑलिव्हच्या बागा, गेले दोन वर्षं मी तेच फोटो बघतेय. मी काढलेला मार्ग असा आहे, रोंदा, सेतेनिल, ओल्व्हेरा, झाहारा, ग्रासालेमा, उब्रिके आणि परत रोंदा. रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम.

तयारी म्हणाल तर दर रविवारी त्र्यंबक, महिन्यातून एकदा नांदुरीहून सप्तशृंगी गड. मी ४९, नवरा ५४, त्याचा गुडघा गेल्या वर्षी दुखावला होता पण आता ठीक आहे, चढाला माझ्या मागे असतो इतकंच. मैत्रीण आमच्या दोघांपेक्षा दमदार.

आता विचारायचं ते हे. पुएर्तो दे लास पालोमास नावाची जी खिंड आहे ती आम्हाला झेपेल का? आणि चढापेक्षा मला उताराची जास्त भीती वाटते हे मोकळेपणाने सांगते, कसाऱ्याला एकदा पावसात चाक घसरलं होतं तेव्हापासून. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? तिघंही शाकाहारी, अंडं चालतं. खेड्यात खायला काय मिळतं? कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.


घाटवाट (पुणे):

ताई, धागा बघून राहवलं नाही. मी आणि दोन मित्र २०२३ च्या ऑक्टोबरात तिथे आठ दिवस होतो, अजून डोळे मिटले की ते रस्ते दिसतात.

पहिलं म्हणजे तुमचा रोज नवं गाव हा बेत बदला. रोड बाईकला कॅरिअर नाही, सामान पाठीवर घेऊन ते चढ चढले तर दुसऱ्या दिवशी पाठ बोलायला लागते, आणि रोज सकाळी बॅग भरा, रोज दुपारी खोली शोधा यात गाव बघायचं राहूनच जातं. आम्हीही असाच मार्ग काढला होता आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिला. ग्रासालेमाला चार रात्री राहा आणि रोंदाला दोन. ग्रासालेमा सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे, तिथून चहूकडे रस्ते सुटतात आणि रोज संध्याकाळी तुम्ही त्याच चौकात त्याच बाकावर येऊन बसता. दुसऱ्या दिवसापासून बारवाला न विचारता कॉफी ठेवतो. मला तर ते पाच गावांपेक्षा मोलाचं वाटलं.

पालोमास झेपेल का, तर झेपेल. ग्रासालेमाच्या बाजूने ती जेमतेम चार किलोमीटर आहे. खरा चढ झाहाराच्या बाजूचा, बारा-तेरा किलोमीटरमध्ये साधारण आठशे मीटर. गड चढणाऱ्यांना तो नवा नाही, पसरणीपेक्षा तिखट धरा, पण एकदम अंगावर येणारी भिंत कुठेच नाही, दम धरून बसलं की वर पोचतोच. भाड्याची सायकल घेताना मात्र पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दात असलेलीच मागा, यजमानांच्या गुडघ्यासाठी हे फार महत्त्वाचं. आमच्यातल्या एकाने मागे २८ दातांची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो पायी आला.

आता उताराचं. हे नीट वाचा कारण मी त्यातच पडलो होतो. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे डाव्या हाताला. इतकी साधी गोष्ट, मला माहीतही होती. पण झाहाराकडे उतरताना एका वळणावर समोरून अचानक बकऱ्या आल्या आणि हाताने वर्षानुवर्षांची सवय काढली, मागचा समजून डावा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक जागेवर थांबलं आणि मी हँडलवरून रस्त्यावर. कोपर सोललं, हेल्मेटला चीर गेली, बाकी देवाची कृपा. बकऱ्या हाकणारे आजोबा काठी टाकून धावत आले, त्यांनी आपल्या पाण्याच्या बाटलीतून माझं कोपर धुतलं, खिशातला रुमाल बांधला आणि माझ्या मित्राने पैसे पुढे केले तर त्यांनी त्याचा हातच बाजूला सारला. भाषा एकमेकांची एक अक्षर येत नव्हती. तो रुमाल माझ्याकडे आहे अजून.

म्हणून सांगतो, दुकानात सायकल ताब्यात घेतानाच म्हणा की ब्रेक उलटे करून द्या, इंग्रजांचेही ब्रेक आपल्यासारखेच असतात, त्या ग्राहकांमुळे त्यांना हे नवीन नसतं. करून दिले नाहीत तर पहिले दोन तास सपाटीवर नुसती ब्रेकची सवय करा. आणि ब्रेक पॅड स्वतः बघून घ्या, आम्हाला एका दुकानाने झिजलेले पॅड दिले होते, ते खिंडीत लक्षात आलं.

शिवाय ताई, तुम्हाला झाहाराची बाजू उतरायचीच नसेल तर उतरू नका. फेरी उलटी करा. ग्रासालेमाहून बोयार खिंडीने, ती ११०३ मीटर, बेनामाओमा आणि एल बोस्केला उतरा, तो रस्ता रुंद आणि वळणं मोठी आहेत. मग खालून फिरून झाहाराला या आणि पालोमास चढून घरी. शेवटचे चार किलोमीटर तेवढा उतार, तोही ओळखीचा. दिवस मोठा आहे, सत्तरेक किलोमीटर, पण तुम्हाला ८० ची सवय असणार.


सोलापूर ते मालागा:

मी गेली अकरा वर्षं मालागाला राहतेय, नवऱ्याची नोकरी इथे. सायकल मी फक्त समुद्राकाठी चालवते पण त्या गावांना वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं, म्हणून खाण्यापिण्याचं मी सांगते.

आधी वेळा समजून घ्या, सगळा घोळ तिथेच होतो. आपण पहाटे साडेपाचला निघणारी माणसं, इथे ऑक्टोबरात सव्वाआठ-साडेआठपर्यंत उजाडतच नाही. घड्याळ महिन्याच्या शेवटच्या रविवारी मागे होतं, तोवर असंच. त्याबदल्यात संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड. दुपारी दोन ते पाच गावातली दुकानं बंद, रविवारी किराणा बंद. जेवण दीड ते साडेतीन या वेळात मिळेल, पावणेचारला पोचलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि मग रात्री साडेआठशिवाय ताट समोर येत नाही. दमून भुकेलं माणूस यात रडकुंडीला येतं, मी बघितलंय.

शाकाहाराचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही, पण नुसतं "बेखेतारियाना" म्हणून भागत नाही. हॅम आणि टूना यांना इथले कित्येक जण मांसात धरतच नाहीत. मिश्र सॅलडमध्ये टूना असतोच, साल्मोरेखो नावाचं टोमॅटोचं दाट थंड सार आहे त्यावर हॅमचे तुकडे आणि अंडं घालून देतात. म्हणून मागवताना म्हणायचं, सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून. डाळी-कडधान्याच्या रश्शात सुद्धा बहुतेक वेळा सॉसेज शिजवलेलं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका.

सकाळी तोस्तादा खा, भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. मोयेते म्हणून एक मऊ पाव असतो तो मागा. जेवायला बटाट्याचं जाड ऑम्लेट, पालक-हरभरे, आणि बेरेन्खेनास कोन मिएल तर चुकवूच नका, म्हणजे वांग्याचे काप कुरकुरीत तळून वर उसाची काकवी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आईच्या हातचे काप आठवले आणि घशाशी आलं. ग्रासालेमाच्या परिसरात पायोया जातीच्या शेळ्या आहेत, त्यांच्या दुधाचं पायोयो चीज मिळतं, ते थोडं बांधून घ्या, खिंडीत पावाबरोबर छान लागतं.

येताना शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू खुशाल आणा. दुधाचे पदार्थ मात्र आणू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, पेढे-बर्फी विमानतळावर टाकून द्यावी लागते.

पाणी प्रत्येक गावात चौकातल्या झऱ्याला मिळतं, फुएन्ते म्हणतात. "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर पिऊ नका.


गोदाकाठ (नाशिक):

बापरे, किती जीव लावून लिहिलंत दोघांनी. घाटवाट दादा, तुमचं पडणं वाचून पोटात गोळा आला, पण ब्रेकचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, ना त्या टूर कंपनीने ना कुणी. ताई, काकवीवाले काप नवऱ्याला वाचून दाखवले, तो आत्ताच निघायला तयार आहे.

एक शंका. चार रात्री एकाच गावात म्हणजे सेतेनिल आणि ओल्व्हेरा हातचं जाणार का? सेतेनिलसाठी तर सगळा अट्टाहास. आणि तिथे ऑक्टोबरात पाऊस असतो का? कुठेतरी वाचलं की ग्रासालेमा स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांत येतं, ते वाचून मैत्रीण बिचकली आहे.


घाटवाट (पुणे):

सेतेनिल रोंदाहून करा, अठरा-वीस किलोमीटर आहे, म्हणून तर रोंदाच्या दोन रात्री म्हटलं. पण सकाळी दहाच्या आत पोचा. अकरानंतर बसेस येतात आणि त्या गल्लीत सायकल हातात धरून चालायलाही जागा उरत नाही. त्रेखो नदीने खडक कोरत नेलाय आणि लोकांनी त्या कपारीखाली पुढे भिंत घालून घरं केलीत, वरचं छत म्हणजे अख्खा डोंगर. एका गल्लीचं नाव उन्हाच्या गुहा, समोरचीचं सावलीच्या गुहा. सावलीच्या गल्लीत आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या आणि वर बघितलं तर डोक्यावर काळपट खडक, त्याला हात लावला तर गार आणि किंचित ओला, आणि शेजारच्या दारात एक आजी खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा निवडत बसलेल्या. वर एवढा पहाड घेऊन ती माणसं पिढ्यानपिढ्या झोपतात, जेवतात, भांडतात. तिथे मी अर्धा तास नुसता उभा होतो.

पावसाचं वाचलंत ते खरं आहे, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. कारण आपल्या ओळखीचं आहे. अटलांटिकवरून येणारे ढग सपाट प्रदेश ओलांडून पहिल्यांदा अडतात ते याच डोंगरांना, महाबळेश्वरला अरबी समुद्राचे ढग अडतात तसे. फरक इतकाच की तिकडे पाऊस हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. ऑक्टोबरात एखाद-दुसरा दिवस पावसाचा जाईल असं धरून चला. त्या दिवशी सायकल काढू नका, चुनखडीच्या त्या डोंगरात ढग उतरला की दहा मीटरवरचं दिसत नाही. सूर्य असला तरी विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पाठीच्या खिशात ठेवा, चढताना घामाने निथळता आणि उतरताना बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबवत नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका रस्ता सांगायचा राहिलाच. ग्रासालेमाहून व्हियालुएंगा देल रोसारिओ, मग बेनाओकास, मग उब्रिके. व्हियालुएंगा हे काडिस प्रांतातलं सगळ्यात उंचावरचं गाव. तिथे रस्ता एका लांबट अरुंद दरीतून जातो, दोन्हीकडे करड्या चुनखडीचे कडे, मध्ये सपाट हिरवं कुरण, ला मांगा म्हणतात तिला, मांगा म्हणजे बाही. खरंच सदऱ्याच्या बाहीत हात घातल्यासारखं वाटतं. आम्हाला त्या पट्ट्यात अर्ध्या तासात दोन गाड्या भेटल्या, बाकी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि आपल्याच चेनचा आवाज. उब्रिके चामड्याच्या कामाचं गाव, तिथे पाकिटं-पट्टे घेता येतील. तिथून एल बोस्के आणि बोयार खिंडीने परत आलात की साठेक किलोमीटरची फेरी होते.


गडवेडा:

सायकलचं मला कळत नाही पण झाहाराला जाऊन किल्ल्यावर गेला नाहीत तर फार वाईट वाटेल म्हणून लिहितोय.

त्या भागात गावांच्या नावापुढे दे ला फ्रोन्तेरा लागलेलं दिसेल, म्हणजे सरहद्दीवरचं. एकीकडे कास्तिलचं ख्रिस्ती राज्य, दुसरीकडे ग्रानादाचं नासरी मुसलमान राज्य, आणि ही डोंगरी गावं दोघांच्या मध्ये, कधी याच्या ताब्यात कधी त्याच्या. झाहारा १४०७ मध्ये कास्तिलने घेतलं. मग डिसेंबर १४८१ मध्ये ग्रानादाच्या सुलतानाने, मुलेय हासेनने, रात्री अचानक छापा घालून ते परत घेतलं. या एका छाप्यातून जे युद्ध पेटलं ते थेट २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा पडेपर्यंत चाललं. मधल्या काळात सेतेनिल १४८४ ला गेलं, रोंदा १४८५ ला. म्हणजे ताई, तुम्ही सहा दिवसांत ज्या गावांतून पॅडल मारणार तीच या लढाईची ठाणी. आपण कोंढाण्याच्या कड्याखाली उभं राहून रात्रीचा विचार करतो ना, तसं झाहाराच्या बुरुजावर उभं राहून खालचा रस्ता बघा, कोण कुठून वर चढलं असेल ते आपसूक डोळ्यांपुढे येतं. खाली आता धरणाचं निळं-हिरवं पाणी आहे, ते मात्र आपल्या काळातलं.

बेनाओकास, बेनामाओमा, बेनाओखान, ही बेन लागलेली नावं सुद्धा अरबी बनी वरून, अमक्याचे वंशज अशी. माणसं गेली, नावं राहिली.

रोंदाचा पूल विसरू नका. १७५१ ला काम सुरू होऊन १७९३ ला पुरं झालं, ९८ मीटर उंच, आणि आजही त्याला नवा पूलच म्हणतात.


कच्चा रस्ता:

वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एका बाबतीत वेगळं मत. ताईंना उताराची भीती आहे आणि यजमानांचा गुडघा नाजूक, मग सहाही दिवस डांबरी घाटच कशाला? ओल्व्हेरा ते पुएर्तो सेर्रानो हा ३६ किलोमीटरचा व्हिया वेर्दे आहे, म्हणजे जुन्या रेल्वेच्या मार्गावर केलेला सायकलचा रस्ता. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात बांधायला घेतलेली ही लाईन पुरी झालीच नाही, एकही प्रवासी गाडी तिच्यावरून धावली नाही. ३० बोगदे आणि ४ मोठे पूल आहेत. रेल्वेचा मार्ग म्हणजे चढ-उतार अगदी हलका, मोटारी नाहीत. लांब बोगद्यासाठी पुढचा दिवा हवाच.

मध्ये साफ्रामागोनचा सुळका लागतो, तिथे ग्रिफॉन गिधाडांची मोठी वसाहत. मी कोकणात चिरगावला गिधाडं बघायला दोनदा गेलोय, जनावरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्याकडची गिधाडं कशी होत्याची नव्हती झाली हे बघत मोठा झालोय. २००६ ला जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली तोवर आभाळ रिकामं झालं होतं. त्यामुळे तिथे मान वर केली आणि एका वेळी चाळीस मोजली तेव्हा मला पुढे सायकल चालवता येईना. अडीच मीटरचे पंख, आणि एवढं धूड अगदी डोक्यावरून गेलं तरी फक्त हवा कापल्याचा सूं असा आवाज.


घाटवाट (पुणे):

गिधाडांबद्दल शंभर टक्के. पालोमासच्या खिंडीत तर ती आपल्या पायाखालून उडतात, पाठ दिसते त्यांची. पण कच्चा रस्ता भाऊ, व्हिया वेर्देवर बराच भाग खडी-मातीचा आहे, २५ मिलिमीटरच्या टायरवर हाल होतील आणि पंक्चर ठरलेलं. ताई, तो दिवस करायचा असेल तर ओल्व्हेरालाच जाड टायरची सायकल एका दिवसासाठी घ्या, किंवा सगळ्याच दिवसांसाठी ३२ च्या टायरची रोड बाईक मिळते का बघा. माझं मत विचाराल तर एक दिवस जरूर करा, गुडघ्याला सुट्टी मिळेल.


सोलापूर ते मालागा:

अजून दोन गोष्टी, नियमांच्या. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं आहे, अंधारात दिवे आणि चमकणारं जॅकेट पण. गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे आणि लोक तो पाळतात, वळणावर तुमच्या मागे दोन-दोन मिनिटं हॉर्न न वाजवता येतात, घाबरून कडेला उतरू नका. चढावर कुणी "व्हेंगा, व्हेंगा" ओरडलं तर ते रागावलेले नसतात, चल चल म्हणून धीर देतायत. आणीबाणीत ११२.

उजव्या बाजूने चालवायची सवय दोन दिवसांत होते, पण थांबून परत निघताना चूक होते. बारमधून बाहेर पडलात, सायकलवर बसलात, की आधी बाजू बघा.


गोदाकाठ (नाशिक):

ठरलं मग. रोंदा दोन रात्री, त्यात एक सकाळ सेतेनिल. मग ग्रासालेमा चार रात्री, एक दिवस ला मांगा आणि उब्रिके, एक दिवस बोयारने उतरून झाहाराहून पालोमास चढायची, किल्ल्यासाठी मध्ये दोन तास काढून. एक दिवस व्हिया वेर्दे, गाडी करून ओल्व्हेराला जाऊ. उरलेला पावसाला राखून. सायकली तिथेच घेणार, ३४ चा गिअर आणि ब्रेक उलटे करून द्या हे आजच ईमेल करते.

मैत्रीण विचारतेय, झाहाराचा उच्चार नक्की काय? बस स्टँडवर विचारायचं झालं तर?


सोलापूर ते मालागा:

साआरा म्हणा. झेड लिहितात पण झ म्हणत नाहीत, आणि एच गप्प. मालागाला उतरलात की एक संध्याकाळ घरी जेवायलाच या, शेंगाचटणी सोलापूरचीच आहे. मेसेज करते.